फुर्नेझवर चालायला निघताना: हातमोजे, आणि मग बाकीचं

हातमोजे. यादीत सगळ्यात वर तेच लिहा, कारण मागच्या खेपेला नेमके तेच घरी राहिले आणि त्याचा हिशोब तळहातांनी चुकवला. ही तयारी रियुनियन बेटावरच्या पितों द ला फुर्नेझ या ज्वालामुखीवर चालायला जाणाऱ्यांसाठी आहे. पाणी, टोपी, जाकीट हे कुठल्याही ट्रेकच्या यादीत सापडेल. हातमोजे सापडणार नाहीत, कारण आपल्याकडे ट्रेकला हातमोजे कोणी नेतच नाही.

न नेण्याचं कारण सरळ आहे. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाचा हात न सांगता खडकावर जातो. नळीच्या वाटेतले धोंडे असोत की अलंगच्या कड्यावरच्या पायऱ्या, बेसॉल्टला हात घातला की पकड मिळते हे अंगात मुरलेलं असतं. रियुनियनचा खडकही बेसॉल्टच, आणि नुसत्या त्याच जातीचा नव्हे, त्याच उगमाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड ज्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त रस वर येण्याच्या ठिकाणावरून, सरकत होता आणि ज्यातून दख्खनचं पठार ओतलं गेलं, तोच हॉटस्पॉट आज या बेटाच्या खाली आहे. मधल्या काळात लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी त्याची माग समुद्रात उमटत गेली. फरक आहे तो वयाचा. आपला कातळ अगणित पावसाळ्यांनी घासून काढलेला आहे. फुर्नेझचा कातळ कुठे पन्नास वर्षांचा, कुठे पाच वर्षांचा. त्याच्या कडा काचेच्या आहेत, आणि हे उपमा म्हणून म्हणत नाही: लाव्हा झटकन थिजला की त्याच्या कातडीवर खरोखर काच तयार होते. तिथे सह्याद्रीच्या सवयीने हात टेकला की तळवा किसणीवर घासल्यासारखा निघतो.

आता हातमोजे कोणते, ते नीट वाचा. लोकरीचे चालत नाहीत. लोकरीचा धागा खडकाच्या टोकात अडकतो, मोजा उसवतो आणि काच आत शिरते. सायकलवाल्यांचे अर्ध्या बोटांचेही नकोत, कारण पडताना आधी बोटांची टोकं टेकतात. चामड्याच्या तळव्याचे, किंवा हार्डवेअरच्या दुकानात माल हाताळणाऱ्यांसाठी मिळतात ते तळव्याला रबराचा थर दिलेले, पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. घालून बुटाची नाडी बांधता आली पाहिजे, सॅकची चेन ओढता आली पाहिजे. नाही जमलं तर तुम्ही ते वाटेत काढून ठेवाल आणि नेमके त्यानंतर पडाल. गटात चार जण असतील तर पाच जोड घ्या. एखादा कोणीतरी विसरणारच. आणि ते सॅकच्या तळाशी कोंबू नका. जाकिटाच्या खिशात ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. रियुनियन फ्रान्सचा भाग आहे, पण शेंगेन क्षेत्रात नाही. पॅरिससाठी काढलेला व्हिसा इथे चालेलच असं धरून चालू नका. फ्रान्सच्या अधिकृत व्हिसा संकेतस्थळावर सागरापलीकडच्या फ्रेंच प्रदेशांचे नियम वेगळे दिलेले असतात ते वाचा, आणि तिकीट काढण्याआधी वाचा. मॉरिशसहून जाणार असाल तर विमानप्रवास तासाभराच्या आतला आहे, आणि तिथल्या मराठी घरी उतरलेले पाहुणे बऱ्याचदा दोन-तीन दिवसांसाठी इकडे यायचा बेत आखतात. या मंडळींची पुढची गडबड ठरलेली असते: मॉरिशसच्या किनाऱ्यासाठी भरलेली बॅग घेऊनच ज्वालामुखीवर पोचणं.

किनाऱ्याची बॅग इथे उपयोगाची नाही. गाडीतळ आहे पा द बेलकोंब या कड्यावर, २,३११ मीटर उंचीवर. म्हणजे कळसूबाईच्या वर आणखी जवळजवळ पावणेसातशे मीटर. जुलै-ऑगस्ट हा तिथला हिवाळा, कारण बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला २१ अंशांवर आहे. त्या दिवसांत पहाटे गवतावर दहिवर गोठलेलं दिसतं. खाली किनाऱ्यावरच्या सें-पिएर शहरात माणसं हाफ पँटवर फिरत असताना वर बोटं वाकत नाहीत. आतून घाम सुकणारा शर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी. बाराही महिने. डिसेंबरातसुद्धा ढग आणि वारा एकत्र आले की ओल्या कापसाच्या टी-शर्टात कुडकुडायला दहा मिनिटं पुरतात. पाय पूर्ण झाकणारी पँट घाला. बर्म्युडा नको, त्याचं कारण पुढे येतंय. ऊन मात्र उष्ण कटिबंधाचंच, आणि उंचीमुळे जास्त तिखट: सनस्क्रीन कान आणि मानेच्या मागे लावा, काळा कातळ खालूनही तापतो.

आता असा मुद्दा, ज्यावर अख्खा दिवस फुकट जाऊ शकतो. फुर्नेझ जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. एखाद्या वर्षी तीन-चार उद्रेक, तर मध्येच १९९२ ते १९९८ सारखी शांतता, आणि मग १९९८ च्या मार्चपासून सहा महिने सलग लाव्हा. बूर-मुरा गावात १९७९ पासून वेधशाळा आहे. जमिनीचं फुगणं, बारीक भूकंप, वायू हे सगळं तिथे मोजलं जातं. त्यांच्या माहितीवरून प्रीफेक्चर म्हणजे तिथलं शासन इशाऱ्याची पातळी जाहीर करतं. सतर्कता ही पहिली पायरी: वाट उघडी असू शकते, पण आखलेल्या पायवाटा सोडायच्या नाहीत. अलर्ट १ म्हणजे उद्रेक होण्याच्या बेतात. अलर्ट २ म्हणजे सुरू झाला. या दोन्हींत कड्यावरचं फाटक बंद असतं. उद्रेक थांबल्यावरही लगेच उघडत नाही. वाटेची पाहणी होते, खुणा नव्याने कराव्या लागतात, त्यात दिवस किंवा आठवडे जातात. म्हणून आदल्या संध्याकाळी प्रीफेक्चरचं संकेतस्थळ बघा. पंधरा दिवसांपूर्वी बघितलेलं धरू नका, हॉटेलात कोणी सांगितलेलं धरू नका. आणि पहाटे निघण्याआधी पुन्हा एकदा बघा. भूकंपांची झड लागल्यापासून लाव्हा फुटेपर्यंत कधी कधी तासाभराचाही अवकाश नसतो, आणि आत अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागतं. फाटक बंद असताना बाजूने उतरणारे लोक दिसतील. त्यांच्या मागे जाऊ नका, एवढंच सांगणं आहे.

गाडी भाड्याने घ्यावीच लागते, सार्वजनिक बस कड्यापर्यंत जात नाही. पेट्रोल प्लेन दे काफ्रच्या पठारावरच पूर्ण भरून घ्या. बूर-मुरा सोडलं की जंगलखात्याचा घाटरस्ता सुरू होतो, पंचवीस-तीस किलोमीटर, आणि त्यावर पंप नाही. सें-पिएरहून एकूण दीड तास धरा, अंधारात पावणेदोन. शेवटी प्लेन दे साब्ल हे लालसर-काळ्या खडीचं पठार लागतं. तिथे खड्डे मोठे आणि गाडीची टायरं भाड्याची असतात, म्हणून वीसच्या वर वेग नको. स्टेपनी आणि जॅक आहे का ते गाडी घेतानाच उघडून बघा. थांबून फोटो काढायचे ते परतताना काढा. सकाळी एकच गोष्ट महत्त्वाची: ढगांच्या आधी वर पोचणं.

ढगांचं गणित असं. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे समुद्राची वाफ डोंगराला आदळवतात, ऊन चढलं की ती वर सरकते, आणि बहुतेक दिवशी दहाच्या सुमारास माथा गुरफटून जातो. जून-जुलैत सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, डिसेंबरात साडेपाचला. उजाडताना तुम्ही फाटकाशी बूट बांधलेले असायला हवे. आठ वाजता पोचलात तर विवराच्या जागी पांढरा पडदा बघून परताल. वर मुक्कामासाठी एक पथिकगृह आहे. जागा मिळाली तर तिथे राहणं उत्तम, पण आरक्षण बरंच आधी करावं लागतं. डोकं-टॉर्च आणि नवे सेल घ्या, थंडीत सेल लवकर उतरतात.

बूट. सह्याद्रीत आवडणारे पातळ, मऊ रबराचे बूट इथे नकोत. मऊ सोल दगडाला चिकटतो हे खरं, पण हा लाव्हा सँडपेपरसारखा तो खातो आणि टोकं तळपायाला लागतात. जाड, कडक सोलचे आणि घोट्याच्या वर येणारे बूट घ्या. कपाटात तीन वर्षं पडून असलेले बूट नेऊ नका, त्यांचा डिंक वाळलेला असतो आणि सोल अर्ध्या वाटेत सुटतो. काठी नेलीत तर टोकाला रबरी बूच हवं, नाहीतर टोक भेगेत अडकून काठी वाकते. आणि काठी धरण्यासाठीही हातमोजे लागतात, पहाटे तिची धातूची नळी हातात धरवत नाही.

पाणी माणशी तीन लिटर. खाली आत एकही झरा नाही. कातळ इतका सच्छिद्र की पडलेला पाऊस क्षणात गडप होतो. हा तोच डोंगर, जिथे जानेवारी १९८० मध्ये हियासिंथ चक्रीवादळात कोमेरसों विवराजवळ १५ दिवसांत ६,०८३ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तरी प्यायला थेंब मिळत नाही. खायला तुमचं तुम्ही ठरवा. मीठ असलेलं काहीतरी असू द्या.

आता वाट, आणि हातमोजे कुठे घालायचे ते. फाटकातून शिरल्यावर कड्याच्या कडेने थोडं चालून पाचशेवर पायऱ्या खाली उतरतात. हे उतरणं म्हणजे आंक्लो फुके या प्रचंड कोंडाळ्याच्या तळात जाणं. तीन बाजूंना उभी भिंत आणि चौथी बाजू समुद्राकडे उघडी. हातमोजे पायऱ्यांच्या वरच्या टोकाशीच घाला. कठडे ओले आणि गार असतात, पायऱ्या दवाने निसरड्या, आणि पहिली घसरण इथेच होते. तळाशी पोचल्यावर थोड्याच अंतरावर फोर्मिका लेओ नावाचा लाल, बुटका शंकू येतो. तो १७५३ च्या उद्रेकातला आहे. इथे थांबून खाली वाकून खडक बघा, कारण पुढचे पाच तास तुम्ही याच्याच दोन रूपांवर चालणार आहात. एक रूप वळलेल्या दोरखंडासारखं, गुळगुळीत, पीळ पडलेलं. दुसरं ढेकळांचं, काटेरी, ज्याला तिथले लोक ग्रातों म्हणतात. तुटलेल्या तुकड्यावर बुडबुड्यांची भोकं दिसतील, भोकांच्या कडा चमकतील, आणि कुठे कुठे हिरवट दाणे असतील. ते ऑलिव्हिन, लाव्ह्यातलं एक खनिज. कातळ हातमोज्याच्या बोटाने हळू दाबून बघा. उघड्या बोटाने नको.

धोका कुठे असतो? ग्रातोंवर माणूस आपोआप जपून चालतो, म्हणून तिथे कमी पडतो. खरी गडबड दोरखंडी लाव्ह्यावर होते. त्यावर सुटी खडी पसरलेली असते, गोट्यांसारखी गोल, आणि उतारावर पाय त्यासकट सरकतो. शरीर मागे जातं, दोन्ही हात मागे टेकले जातात. दुसरा प्रकार पोकळ कवचाचा: वरचा पापुद्रा थिजला, आतला लाव्हा वाहून गेला, मध्ये हातभर पोकळी राहिली. पापुद्र्यावर पाय पडला की तो फुटतो, पाय नडगीपर्यंत आत जातो आणि माणूस पुढे, हातांवर कोसळतो. पूर्ण पँट त्यासाठी. हातमोजे त्यासाठी. आखलेली वाट सोडायची नाही तेही त्यासाठी, कारण वाटेवरचे पापुद्रे इतरांच्या पायांनी आधीच फुटून गेलेले आहेत आणि बाजूचे तुमची वाट बघत आहेत.

वाट म्हणजे कातळावरचे पांढऱ्या रंगाचे ठिपके. उघड्या हवेत दूरवर दिसतात, धुक्यात दहा पावलांवर दिसेनासे होतात. नियम एकच: पुढचा ठिपका दिसल्याशिवाय हातातला सोडायचा नाही. गटात एक जण ठिपक्यावर उभा राहतो, दुसरा हाकेच्या अंतरात पुढे शोधतो. कोणी तरी दिशेचा अंदाज बांधून चालू लागलं की थांबवा. सगळीकडे सारखाच काळा कातळ आहे, आणि ज्या उताराने गेलात त्याच उताराने परतता येईल असं मुळीच नाही. ऑफलाइन नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, आत नेटवर्क तुटक असतं. आपत्कालीन क्रमांक ११२. रोमिंगच्या पॅकमध्ये रियुनियनचं नाव वेगळं आहे का ते बघा, फ्रान्स लिहिलंय म्हणून हे बेट त्यात असेलच असं नाही.

शापेल द रोझमों ही लाव्ह्याची पोकळ घुमटी लागते, तिथवर पाऊण तास. त्यानंतर चढ. दोलोमिए विवराच्या काठापर्यंत जाऊन-येऊन पाच ते सहा तास धरा, विश्रांतीसकट. शिखराची उंची २,६३२ मीटर. काठावर पोचलात की कठड्याच्या अलीकडे थांबायचं, अगदी थांबायचं. एप्रिल २००७ च्या मोठ्या उद्रेकात खालचा लाव्हा निघून गेला आणि विवराचा तळ तीनशे मीटरहून जास्त खचला. काठाला तेव्हाच्या भेगा आहेत आणि दगड अजूनही सुटतात. पूर्वीची विवराभोवतीची फेरी तेव्हापासून बंद आहे. जुन्या नकाशात दिसली तरी शोधत जाऊ नका. फोटोसाठी हातमोजे काढलेत तर खिशात टाका, दगडावर ठेवू नका, वारा उडवतो. आणि परत निघण्याआधी पुन्हा घाला. लोक पडतात ते परतताना, मांड्या थकलेल्या असताना, हातमोजे सॅकमध्ये गेलेले असताना.

प्रथमोपचार: खरचटल्यावर आधी भरपूर पाणी ओता, चोळू नका. जखमेत काचेचे कण असतात, चोळलं की आत रुततात. बारीक चिमटा, सलाइनच्या दोन छोट्या बाटल्या, जाळीची पट्टी, चिकटपट्टी. घोट्यासाठी क्रेप बँडेज. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या.

नशिबाने तुमच्या दिवसांत उद्रेक सुरू झाला तर आत जाता येत नाही, पण बाहेरून दिसतो. दक्षिणेकडच्या उद्रेकांसाठी पितों द बेर ही कड्यावरची जागा चांगली. चाल बरीच आहे आणि परतणं अंधारात असतं, म्हणून टॉर्च माणशी एक. वारा तुमच्याकडे वाहत असेल आणि गंधकाचा वास घशाला लागायला लागला तर मागे फिरा. दमा असलेल्यांनी जाऊच नये. हवेतून केसांसारखे सोनेरी तंतू उडत येतात, ती काच आहे. डोळे चोळायचे नाहीत, चष्मा घाला. हातमोजे.

पूर्व किनारा दुसऱ्या दिवशी. ग्रां ब्रुलेत मुख्य रस्ता लाव्ह्याचे जुने प्रवाह कापत जातो, प्रत्येकाशेजारी सालाची पाटी असते. २००७ चा सगळ्यात जाड, पावसानंतर वर्षानुवर्षं वाफाळत होता. सेंत-रोझच्या बाजूला १९७७ चा लाव्हा चर्चच्या दाराशी येऊन थांबलेला दिसतो. तो कोंडाळ्याच्या बाहेर, वस्तीत फुटला होता, म्हणून वेधशाळेची निकड पटली. २००४ च्या प्रवाहाखालच्या बोगद्यात जायचं तर वाटाड्या घेऊनच. शिरस्त्राण आणि गुडघ्याचे पॅड तो देतो, हातमोज्यांचं आधी विचारा किंवा आपलेच न्या, कारण तिथे रांगताना पूर्ण भार तळव्यांवर असतो.

बाकी भरभर. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस, बेत तसा ठेवा. किनाऱ्यावर डासांचं मलम. चिकुनगुन्याच्या मोठ्या साथी इथे येऊन गेल्यात. पोहायचं ते प्रवाळखाडीच्या आतच, बाहेर शार्क आहेत. पितों दे नेज, सिलाओस, माफात या बेटावरच्या इतर डोंगरी ठिकाणांची तयारी वेगळी, ती इथे नको. राष्ट्रीय उद्यानातून दगड आणायचे नाहीत, ऑलिव्हिन कितीही सुंदर असलं तरी. बुटांतली खडी गाडीत शिरण्याआधी झाडा. संध्याकाळी हातमोजे उलटे करून पाण्याखाली धुवा, बोटांत कण राहिलेले असतात, आणि वाळत घाला: सकाळी बोगद्याला तेच न्यायचेत.